हाताच्या तंत्राने

फ्रान्सच्या दक्षिणेला आर्देश नदीच्या काठी शोव्हे नावाची गुहा आहे. १९९४ च्या डिसेंबरात ती सापडली. तिच्या एका भिंतीवर घोड्यांची चार डोकी एकामागे एक अशी काढलेली आहेत. तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी आधी ती भिंत खरवडून उजळ केली, पाइनच्या कोळशाने रेषा मारली आणि मग तो कोळसा बोटाने पसरवत घोड्यांच्या गालांना, मानांना छटा दिली. आजच्या चित्रकलेच्या वर्गात 'स्मजिंग' म्हणून जे शिकवतात, ते हेच. त्याच गुहेत काही ठिकाणी खडकाचा नैसर्गिक फुगवटा जनावराच्या अंगात सामावून घेतला आहे. चितारणाऱ्याने भिंत कोरी मानली नाही. भिंतीत जे होतं ते बघून त्याचा हात पुढे गेला.

हे पुस्तक अशा हाताबद्दल आहे. लेखिका बरीच वर्षं मोठ्या माणसांना रेखाटन शिकवत आल्या आहेत. त्यांच्या वर्गाला येणारे बहुतेक जण शाळेत चित्रकला सुटली ती सुटलीच, असे. कोळसा, ग्रॅफाइट आणि पेस्टल या तीनच माध्यमांवर त्यांनी भर दिला आहे आणि उत्स्फूर्त रेखाटनाची तंत्रं सरावांच्या रूपाने मांडली आहेत. प्रस्तावना लिहिण्याबद्दल त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, जिथे पटणार नाही तिथे तसं लिहीन. त्या म्हणाल्या, "लिहाच." ती मोकळीक मी पुढे घेतली आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. उत्स्फूर्त म्हटलं की लोकांना वाटतं, डोकं बंद करायचं आणि मनाला येईल ते फराटे ओढायचे. ओढून बघा. चार-पाच कागद होईतो तुमचा हात तीच वेटोळी, तेच त्रिकोण, आणि फारच मोकळा सुटला तर दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, शेजारी झोपडी आणि नारळाचं झाड काढायला लागेल. मोकळा सोडलेला हात सवयीच्या दावणीला बांधलेला असतो. म्हणून या पुस्तकातलं जवळजवळ प्रत्येक तंत्र ही हाताची सवय मोडण्याची युक्ती आहे. कुठे डोळा काढून घ्यायचा, कुठे वेळ, कुठे रेषाच, आणि हाताला असं काहीतरी द्यायचं की ज्यावर त्याचा पूर्ण ताबा चालणार नाही. मग तो बघायला लागतो.

ही युक्ती जुनी आहे. ओल धरलेल्या, डाग पडलेल्या भिंतींकडे बघत राहा, तिथे डोंगरदऱ्या दिसतील, लढाया दिसतील, असं लिओनार्डोने चित्रकारांना सांगून ठेवलं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांडर कोझेन्स या इंग्रज चित्रकाराने शाईच्या डागांतून निसर्गचित्र रचण्याची पद्धतच पुस्तकरूपाने छापली. आपल्याकडचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण रवींद्रनाथांचं. १९२४ साली 'पूरबी' या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द आणि ओळी ते एकमेकांना जोडत गेले आणि त्या खाडाखोडीतून पक्षी, सर्प, चमत्कारिक चेहरे वर आले. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नसलेल्या या माणसाने साठी उलटल्यावर दोन हजारांवर चित्रं काढली आणि १९३० मध्ये पॅरिसच्या गॅलरी पिगालमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. यात एक गोष्ट नेहमी निसटते. खोडलेले शब्द आधी होते. रवींद्रनाथांना कोरा कागद मिळाला नव्हता, बिघडलेला मिळाला होता, आणि त्याला सावरण्याच्या खटपटीत हाताला वाट सापडली.

चित्रकार माक्स अर्न्स्टचंही तसंच. १९२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका खानावळीत तो पावसामुळे अडकून पडला होता. घासून घासून रेषा उघड्या पडलेल्या तिथल्या लाकडी जमिनीने त्याला पछाडलं. त्याने फळ्यांवर कागद टाकले आणि वरून पेन्सिल घासली. आपण लहानपणी रुपयाच्या नाण्यावर कागद ठेवून घासायचो, ते हेच. फरक पुढे आहे. उमटलेल्या ठशाकडे अर्न्स्ट टक लावून बघत बसला. कुठे जंगल दिसलं, कुठे पक्षी, कुठे डोळा, आणि जे दिसलं त्याला त्याने थोडं खोडून, थोडं वाढवून रूप दिलं. पुढल्या वर्षी त्यातून 'इस्त्वार नातुरेल' हा चित्रसंच निघाला. ठसा घेणं कुणालाही जमतं. सगळी चित्रकला ठसा घेतल्यानंतर सुरू होते. या पुस्तकातला घासण्याचा सराव करताना शहाबादी फरशी, जुना दरवाजा, सुपाची वीण असं जे हाताशी असेल ते घ्या, पण घासून झाल्यावर कागद लगेच उलटू नका.

आता माध्यमांकडे येतो. माझ्या मते पुस्तकाचा जीव कोळशाच्या भागात आहे.

कोळशाची काडी म्हणजे विलोची किंवा द्राक्षवेलीची फांदी, हवा न लागू देता बंद भांड्यात भाजलेली. लाकडातलं उडून जाणारं सगळं उडून जातं, उरतो तो ठिसूळ कार्बन. त्याचे कण टोकदार, वेडेवाकडे असतात. ते कागदाच्या खरबरीत दाण्यावर नुसते अडकून बसतात, आत मुरत नाहीत. म्हणून कोळशाचा काळा चमकत नाही, उजेड गिळतो. आणि म्हणूनच फडक्याच्या एका फटक्याने निम्मा उडून जातो. ज्याला चुकायची भीती वाटते त्याच्या हातात पहिल्यांदा कोळसाच द्यावा, हे लेखिकेचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. मात्र तो पेनासारखा धरायचा नाही. काडीचा दोन बोटं लांबीचा तुकडा मोडायचा, आडवा धरायचा, उभं राहायचं आणि खांद्यातून हात चालवायचा. मनगटाला अक्षरं लिहायची सवय जडलेली असते. खांद्याला ती नसते.

पुस्तकातल्या उलट्या रेखाटनाचा सराव जरा जवळून दाखवतो, कारण सगळ्या पुस्तकाची किल्ली तिथे आहे. कार्ट्रिज पेपर बोर्डाला क्लिपा लावून बसवा. कोळशाचा तुकडा आडवा फिरवत सगळा कागद काळा करा, कोपरेसुद्धा. मग जुन्या सुती धोतराच्या किंवा बनियनच्या तुकड्याने तो एकसारखा पुसा. काळा जाऊन मधलाच करडा उरेल, संध्याकाळच्या खोलीतल्या भिंतीचा असतो तसा. आता समोर तांब्या असेल, गादी असेल, कुणी बसलेलं असेल. डोळे बारीक करून बघा आणि सगळ्यात जास्त उजेड जिथे पडला आहे तेवढाच भाग मळता येणाऱ्या मऊ रबराने टिपून उचला. घासायचं नाही, दाबून उचलायचं. रबर काळं झालं की आत दुमडून स्वच्छ बाजू वर काढायची. रबर निघण्याआधी चित्रकार हेच काम पावाच्या मऊ गराने करत. दोन-चार ठिकाणचा उजेड निघाला की गंमत सुरू होते. तांब्याची कड तुम्ही काढलेलीच नसते, तरी ती तिथे असते. डाव्या बाजूला ती करड्यात विरघळून जाते आणि त्याने काही बिघडत नाही. आता कुठे कोळसा पुन्हा हातात घ्या आणि सगळ्यात गडद अशा दोन-तीन जागा तेवढ्या दाबा. एवढं झालं की थांबायचं असतं. बहुतेक जण इथे थांबत नाहीत, तांब्याची बाह्यरेषा काढायला जातात आणि चित्र मारून टाकतात.

हा सराव कोळशातच का जमतो, तर पुसलेलं इथे पूर्ण जात नाही. मागे धुरकट सावली राहते. जोहान्सबर्गचे चित्रकार विल्यम केंट्रिज यांनी १९८९ पासून याच सावलीवर चित्रपट उभे केले. एका मोठ्या कागदावर कोळशाने काढायचं, चित्रीकरण करायचं, थोडं पुसायचं, बदलायचं, पुन्हा चित्रीकरण. पडद्यावर माणूस चालतो तेव्हा त्याच्या आधीच्या पावलांचे पुसट डाग मागे दिसत राहतात. पुढे काय होणार याची पटकथा हातात नसतानाही ते कामाला सुरुवात करतात. रंगवलेल्या ॲनिमेशनमध्ये हे सुचणंही कठीण होतं.

दाबलेला चारकोल, म्हणजे बाइंडर घालून कांडी केलेला, हे वेगळं प्रकरण आहे. तो गडद आहे, हट्टी आहे, पुसता पुसत नाही. सुरुवातीला तो डब्यातच राहू द्या.

ग्रॅफाइटचा स्वभाव उलटा. तोही कार्बनच, पण पापुद्र्यांचा. पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, कागदाच्या तंतूंत जाऊन बसतात आणि आडव्या उजेडात चकाकतात. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलला याची शुद्ध खाण सापडली, तेव्हा तिथले मेंढपाळ मेंढ्यांवर खुणा करायला ते वापरत. पुढे फ्रान्सला युद्धामुळे इंग्लंडचा माल मिळेना, तेव्हा निकोला-जाक काँते याने १७९५ मध्ये ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून भट्टीत भाजण्याची कृती काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, कमी तर मऊ आणि काळी. एच आणि बी या खुणांचं मूळ या मिश्रणात आहे. कंपासपेटीतल्या एचबीने उत्स्फूर्त काही होत नाही. ६बी घ्या, नाहीतर लाकूड नसलेली ग्रॅफाइटची कांडी.

कोळसा बरंचसं विसरतो, ग्रॅफाइट लक्षात ठेवतो. दाबून ओढलेली रेषा खोडली तरी कागदात खोबण राहते आणि पुढची छटा तिथे पांढरी रेघ दाखवते. म्हणून ग्रॅफाइटसाठी लेखिकेने सावकाशीचे सराव निवडले आहेत. त्यातला मुख्य, कागदाकडे न बघता बाह्यरेषा काढण्याचा. किमॉन निकोलायडिस या अमेरिकन शिक्षकाचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९४१ मध्ये आलं, त्यातून हा सराव जगभर गेला. आपलाच डावा हात समोर धरायचा. नजर अंगठ्याच्या कडेवर ठेवायची आणि पेन्सिलीचं टोक त्या कडेलाच टेकलं आहे असं धरून मुंगीच्या चालीने सरकायचं. नखाशी कातडी दुमडते तिथे थांबायचं, पेरावरच्या सुरकुतीत शिरायचं, परत बाहेर यायचं. कागदावर जे उमटतं ते सुरणाच्या गड्ड्यासारखं असतं. पण पेराजवळची ती एक रेघ बघा. तेवढी रेघ शंभर घोटीव अंगठ्यांत सापडणार नाही.

अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट मॉरिस हे टोकाला गेले. १९७३ पासूनच्या 'ब्लाइंड टाइम' मालिकेत ते डोळे मिटून ग्रॅफाइटची पूड दोन्ही हातांनी कागदावर फासत. काय करायचं ते आधी ठरलेलं. किती वेळ लागेल याचा अंदाजही आधी बांधलेला. अंदाज किती चुकला, तेही ते चित्राच्या खाली लिहून ठेवत. उत्स्फूर्तता किती काटेकोर असू शकते याला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

एक व्यवहाराची गोष्ट पुस्तकात नाही, ती इथे टाकतो. ग्रॅफाइटवर कोळसा चढत नाही. त्या गुळगुळीत थरावरून तो घसरतो. दोन्ही एका कागदावर हवे असतील तर आधी कोळसा, आणि ग्रॅफाइटसाठी जागा मोकळी.

जिथे मला पटत नाही ते पहिलं प्रकरण. त्यात मेंदूचा उजवा भाग, डावा भाग असा हिशेब मांडला आहे. तो बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ च्या गाजलेल्या पुस्तकातून आला आहे, आणि त्या पुस्तकामागे मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांचं, पुढे १९८१ मध्ये नोबेल मिळालेलं संशोधन होतं. स्पेरींचं काम पक्कं आहे. पण ते मुख्यतः ज्यांच्या मेंदूच्या दोन भागांमधला दुवा शस्त्रक्रियेने कापला होता अशा रुग्णांवरचं होतं. धडधाकट माणूस तांब्या काढायला बसतो तेव्हा दोन्ही भाग राबत असतात. एडवर्ड्स यांचा चित्र उलटं ठेवून नक्कल करण्याचा सराव मात्र हमखास चालतो. का चालतो, याचं साधं कारण आहे: उलट्या चित्रात नाक नाक राहत नाही, तेव्हा आपण पाठ केलेलं नाक काढू शकत नाही. त्यासाठी मेंदूचे दोन तुकडे करायची गरज नाही. लेखिकेला मी हे सांगितलं. त्यांनी प्रकरण ठेवलं, मी हा परिच्छेद ठेवला.

पाठ केलेलं नाक हा आपला खास रोग आहे. महाराष्ट्रात चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना पेन्सिल धरायला शिकवली, हे उपकार मोठे आहेत. त्यांतला स्मरणचित्राचा पेपर तर मुळात उत्स्फूर्त रेखाटनाच्या सगळ्यात जवळचा: समोर काही नाही, पाहिलेलं आठवून काढायचं. पण क्लासात त्याची काय गत होते? फुगेवाला, भाजीबाजार, विहिरीवरच्या बायका. वाकलेली बाई अशी, पाठमोरा माणूस असा, कडेवरचं मूल असं, सगळं आधीच घोटून घ्यायचं आणि विषय येईल तसं बसवायचं. स्मरण राहतं, पण ते सरांच्या आकृत्यांचं. तैलखडूंची कथा तर याहून विचित्र आहे. हे खडू १९२५ च्या सुमारास जपानमध्ये तयार झाले. तिथे यामामोटो कानाए या चित्रकाराने मुलांना नमुने गिरवायला लावण्याविरुद्ध चळवळ उभारली होती, त्या वातावरणातून ते आले. आज ते आपल्या मुलांच्या दप्तरात आहेत, आणि वापरतात ते छापील बाह्यरेषेच्या आत रंग भरायला.

पण कौशल्य आणि उत्स्फूर्तता यांचं वैर आहे असं मात्र कुणी समजू नये. चित्रकार के. के. हेब्बार यांची रेषा इतकी सहज की एका श्वासात ओढल्यासारखी वाटते. त्यांनी लय समजून घेण्यासाठी कथकचे धडे घेतले होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मुलं वर्षानुवर्षं शेजारच्या व्हीटी स्टेशनवर आणि क्रॉफर्ड मार्केटात वह्या घेऊन स्केचिंगला जात आली आहेत. हमाल ओझं उचलतो, क्षणभर थांबतो, निघून जातो. तेवढ्या वेळात नाक-डोळे काढता येत नाहीत. पाठीचा बाक आणि गुडघ्याचा कोन एवढंच हाती लागतं. या पुस्तकातले अर्ध्या मिनिटाचे सराव घरी बसून करण्यापेक्षा कुठल्याही एसटी स्टँडवर करा.

पेस्टलचा भाग पुस्तकात शेवटी आहे आणि ते योग्यच आहे. ओडिलों रेदों या फ्रेंच चित्रकाराने पन्नाशीपर्यंत मुख्यतः कोळशात आणि शिळाछापात, काळ्यातच काम केलं. मग रंगाकडे वळला तेव्हा त्याच्या पेस्टलमधली फुलं आतून पेटल्यासारखी दिसू लागली. उजेड-अंधाराचं गणित हातात बसल्यावर रंगाला घाबरायचं कारण उरत नाही. सॉफ्ट पेस्टल म्हणजे जवळजवळ निव्वळ रंगद्रव्य, कांडी धरून राहील इतपतच डिंक. तेलरंगासारखं त्यावर कशाचं आवरण नसतं, म्हणून तो कोरडा रंग इतका ताजा दिसतो. अडचण अशी की पॅलेटवर मिसळता येत नाही, आणि कागदाचा दाणा चार-पाच थरांत भरून जातो. भरला की पुढचा रंग नुसता घसरतो. फ्रेंच चित्रकार देगाने यावर उपाय शोधले होते. थरांच्या मधे फिक्सेटिव्ह, कधी वाफ देऊन रंगाचा लगदा करायचा, आणि एकच आकृती ट्रेसिंग पेपरवर पुन्हा पुन्हा कोळशाने उतरवून मग तिच्यावर रंग चढवायचा. त्याची नजर अधू होत गेली तसे पेस्टलचे फटकारे मोठे आणि बेधडक होत गेले.

लेखिका डब्यात न बघता तीन खडू उचलायला सांगतात आणि त्या तिघांतच चित्र पुरं करायला लावतात. हा सराव पहिल्यांदा वैताग आणतो. हातात जांभळा, मोहरी आणि फिका हिरवा आला तर माणसाचा चेहरा काढायचा कसा? गडद ते सावलीला, फिकं ते उजेडाला, एवढं धरून चला. कातडीचा रंग बघणारा स्वतःच मनात भरून घेतो. कागद मात्र दाणेदार हवा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद यासाठी मला महागड्या परदेशी पॅडइतकाच कामाचा वाटतो. वर साचलेल्या धुळीवर फुंकर मारू नका, ती थेट छातीत जाते. बोर्ड उभा धरून मागून टिचकी मारा. आणि फिक्सेटिव्हऐवजी केसांचा स्प्रे चालेल असं जे पुस्तकात म्हटलं आहे, ते सरावाच्या कागदापुरतं धरा. ठेवायच्या चित्रावर तो पुढे पिवळा पडतो.

पुस्तक कुठूनही उघडलं तरी चालेल असं लेखिका म्हणतात. माझा सल्ला, कोळशाच्या प्रकरणापासून सुरू करा, मेंदूचं प्रकरण सवडीने वाचा. पुस्तक जूनमध्ये हाती पडलं असेल तर पेस्टल दिवाळीपर्यंत लांबवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागद दमट होतो, खडूतल्या डिंकाला बुरशी धरते, आणि काचेला चिकटवून फ्रेम केलेलं पेस्टल तर हमखास खराब होतं. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटचं अंतर ठेवायला फ्रेमवाल्याला बजावून सांगा. कोळशाला पावसाचं एवढं वावडं नाही.